गळ्यातले बूट

रविवार, २० ऑगस्ट १९७८. संध्याकाळ.

शेती सांभाळून प्रादेशिक सेनेच्या पलटणीत आलेल्या गड्यांनो, हजेरी सक्तीची, पण वरठीच्या परेडला पोचायला गाडी नाही, हे आपलं जुनं गाऱ्हाणं. आणि तुमच्या हवालदारानं, म्हणजे मी, आज काय केलं? भाषण! सुखदेव कारध्यापलीकडून चिखल तुडवत आला. पॉलिश राहावं म्हणून बूट गळ्यात अडकवलेले. उशीर झालाच. मी कर्तव्यावर बोलत सुटलो. तो म्हणाला, "भाऊ, देशासाठी मराले तयार आहो. वरठीले यायचं कसं, तेवढं सांगा ना!" सारे हसले, मीही. पण ते चकचकीत बूट डोळ्यांपुढून हलत नाहीत. आणखी एकदा उशीर झाला की त्याचं नाव कटेल. माझ्या मोटारसायकलची मागची सीट तर रिकामीच असते. सुखदेव, पुढच्या रविवारी उजाडताच कारध्याच्या पुलावर उभा राहा.