बोंडं न तोडलेला मंडप

४ मे
वही घेऊन दोन महिने झाले, आज पहिलं पान. रोज ठरवतो, रोज कुठंतरी निघून जातो. आता कुणाला सांगता येईना म्हणून लिहितो.
मंडपात अळी निघाली.
पुण्याच्या चित्रकार सरिताताईंनी आमच्या माळावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, गोल मंडप केला. नुसतं गप बसायला. मिरगापर्यंत ठेवायचा, मग मोडायचा. राखणीला मी. जिंतूरकडून पऱ्हाटी आणली तीही मीच. ताईंनी बजावलं होतं, "विजू, वाळकी बोंडं एकूण एक तोड. त्यातच अळी राहते." अर्ध्या मोळ्यांची तोडली. मग पूर्णा स्टेशनावर गेलो, दोन दिवस रेल्वेगाड्या बघत बसलो. आल्यावर ताईंना म्हणालो, झालं सगळं.

६ मे
लोक अजून विचारतात, "देव कुठाय?" देव न्हाई, म्हणतो, नुसतं बसायचं. "मंग घरी ओटा न्हाई का आमाला?" तरी येतात. शेवंतामावशी ऊसतोडीवरून आल्यापासून रोज दुपारी. म्हणाली, "सहा महिने मुकादमाच्या हाका. हितं कुणी हाक मारत न्हाई बग."
तिच्यासमोर बोंडं तोडायची लाज वाटली. राहिलं.

९ मे
पांडुतात्यांनी बघितलं. त्यांचं वावर मंडपाला लागून. तळहातावर बोंड फोडलं, आत गुलाबी अळी.
"गेल्या साली अर्धा कापूस हिनं खाल्ला. आन् तू माझ्या बांधाला तिचं घर बांधलंस व्हय रे?"
ताईंनी तोडायला सांगितलं होतं, म्हणालो.
"मंग?"
मी दारातलं एक बोंड तोडलं.
"वळीव पडला की अळीचं पतंग उडत्यात. सतराला, रविवारी सकाळी नऊला पेटवणार. त्याआदी काय करायचं ते कर."
तात्यांचं चूक नाही, तेच लय टोचायलंय.

११ मे
सकाळपासून बोंडं तोडली. दोन पोती भरली, एक जाळलं. वरची हाती येत नाहीत, ओढलं की छप्परच सुटतं. बोटं फाटली. दुपारी पालमची यष्टी दिसली आणि चढलो. का, ठाऊक नाही. दुसऱ्या थांब्याला उतरून उन्हात चालत परत.

१३ मे
ताईंना फोन. खोटं बोललो होतो ते आणि तात्या पेटवणार तेही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "किती राहिलीत?" वरची सगळी. "मग तात्यांना अडवू नकोस." ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं.
शेवंतामावशीला अजून

१६ मे
सांगितलं. ती म्हणाली, "नऊला ना? मंग मी आठला येते." वर मलाच, "जेवलास का?"

१७ मे, रविवार
लिंबाखाली बसून लिहायलोय. तात्या आले, डिझेलचा डबा घेऊन. मावशी आत बसलेली. तात्या दारातून म्हणाले, "बाई, निघा आता." ती उठली, बाहेर आली. मी उरलेलं पोतं ओढून आणलं. तात्या काडेपेटी चाचपायलेत.
बांधावरून कुणीतरी यायलंय. बाईमाणूस. हाताला पीठ.
तात्यांची बायको! गंगाकाकू! सुनांना इकडं फिरकू न देणारी. मंडपाला "रिकामटेकड्यांचं खोपट" म्हणणारी.
तात्या म्हणाले, "अगं, घरी कोण हाय मंग?"
"कुणी न्हाई," म्हणत ती आत गेली आणि मावशीच्या जागी बसली.