जलीलभाईचं नाक

शुक्रवार, ९ मे

आजही नाही आला. वास! पेट्रोलच्या डब्याला नाक लावून बघितलं — पाण्याचा डबा असावा तसं. जानेवारीतल्या तापाला चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. कुठे अडकलाय कोण जाणे.

मराठीत लिहितोय ते बरंय. बायको, वहिदा, फक्त उर्दू वाचते. तिला अजून सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तपासायचं मशीन काय, लातुरात दर गॅरेजवाल्याकडे आहे. माझ्याकडे लोक येतात ते नाकासाठी. सायलेन्सरला फडकं धरायचं, हुंगायचं आणि इंजिनाचं दुखणं सांगायचं — तीस वर्षं हेच केलं. नाक गेलं म्हटल्यावर गॅरेजची पायरी कोण चढणार?

दुपारी नमाजला निघालो तर वहिदाने अत्तर पुढे केलं. कसं आहे, म्हणाली. म्हटलं, वा, गुलाब! ती बाटलीला बूच लावून आत गेली.

सोमवार, १२ मे

सत्यम आला. उदगीरचा पोरगा, इथे मार्केट यार्डात धान्याचं दुकान आहे. गाडी हैदराबादहून मॉडिफाय करून आणलेली — जाड सायलेन्सर, इंजिनापासून सगळे पाइप नवे. गाडी कसली, डरकाळी! "जलीलभाई, लई पेट्रोल पिऊन राहिली. काळा धूर सोडून राहिली. अन् ही इंजिनाची लाइट तर विझंचना."

फडकं धरलं, हुंगलं, मान हलवली. नाटक! तो चहाला गेल्यावर गुपचूप मीटर लावला.

ऑक्सिजन सेन्सर मेलेला. एक्झॉस्टमधला धूर तपासायचा आणि इंजिनाला सांगायचं, पेट्रोल जास्त झालं की कमी झालं — एवढंच त्याचं काम. हा एकाच आकड्यावर अडकून बसलेला. इंजिनाच्या हवेच्या नळीत पेट्रोलसारखा जळणारा क्लीनर फवारला तरी आकडा हलेना. कमी पडतंय, कमी पडतंय, एवढंच म्हणतोय, आणि इंजिन बिचारं ओतत राहिलंय. म्हणजे गाडीचंही नाक गेलं! हसू आलं.

मंगळवार, १३ मे

नवा सेन्सर इथे मिळत नाही. नांदेडहून मागवला.

गुरुवार, १५ मे

जुना सेन्सर निघता निघेना. गंजून एकजीव झालेला. तेल सोडलं, गरम केला, शेवटी पान्याला लोखंडी पाइप चढवून अंगाचा सगळा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि सुटला. नवा बसवला. लाइट विझली, मीटरवरचे आकडे नाचायला लागले, काळा धूर गायब. काम चोख!

मग माझी रीत. एक्झॉस्टच्या कामानंतर काचा बंद, एसी चालू, दहा मिनिटं आत बसायचं. धूर कुठून आत येत असेल तर नाकाला कळतोच. सत्यम समोर उभा. न बसून कसं चालेल? बसलो. मला काय कळणार होतं, डोंबल! घड्याळाकडे बघत दहा मिनिटं काढली. उतरलो तेव्हा डोकं ठणकत होतं. ऊनही केवढं आहे यंदा. म्हटलं, ओके.

"जलीलभाईनं नाक लावलं म्हंजी काम झालं!" सत्यम म्हणाला. डरकाळी फोडत गेला.

शुक्रवार, १६ मे

जुमा. अत्तर लावलं. मशिदीत शेजारचे नेहमी म्हणतात, कुठलं हो हे? आज कुणी काही म्हणालं नाही.

शनिवार, १७ मे

सत्यमचा फोन. "भाई, काचा लावल्या की कायतरी वास येऊन राहिला."

म्हणायला हवं होतं, गाडी घेऊन ये. पण तो आला असता आणि म्हणाला असता, हुंगा! म्हणून सांगितलं, सेन्सरच्या आट्यांना ग्रीस असतं, ते जळतंय, दोन दिवसांत जाईल.

"तुमी म्हणता तर जाईल." उद्या बायको-लेकीला घेऊन उमरीला चाललाय, सासुरवाडीला.

रविवार, १८ मे

एसी चालू होता! गाडी शेडमध्ये होती, एसी चालू होता. मग डोकं उन्हानं कसं दुखेल?

सकाळपासून सात वेळा फोन लावला. उचलत नाही.

सोमवार, १९ मे

त्याची बायको पुनम, तिने उचलला. नुसती रडत होती. लेक अंजू, पाच वर्षांची, मागच्या सीटवर झोपली होती. ऊन म्हणून काचा बंद. या दोघांचंही डोकं जड झालं होतं. उमरीला पोचल्यावर अंजूला उठवायला गेले तर ती उठेना. नांदेडला दवाखान्यात आहे. ऑक्सिजन लावलाय.

मंगळवार, २० मे

नांदेडला गेलो. आधी आवारात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीखाली शिरलो — दवाखान्यात जायची हिंमत होत नव्हती. सेन्सर बसतो त्या जागेच्या वेल्डिंगला चीर. केसाएवढी, भोवती काजळी. माझ्याच पान्याने गेलेली. त्या डरकाळीत तिची फुसफुस कुणाला ऐकू येणार! नाकालाच कळली असती.

वर सत्यम भेटला. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच माझे हात धरले. "तुमी तर दहा मिनिटं आत बसून बघितलं होतं भाई. त्या हैदराबादवाल्यानंच कच्चं काम केलं. त्याला न्हाई सोडत." मी मान हलवली. हलवली मी! तीस वर्षांत इतकं नीच काम केलं नव्हतं.

अंजूला काचेतून बघितलं. डोळे उघडे होते. आईकडे बघत नव्हती.

गुरुवार, २२ मे

अंजू बोलली. "पाणी." पण पेला हातात धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. गॅरेज दोन दिवस बंद आहे. जेवण जात नाही.

शुक्रवार, २३ मे

वहिदाला सगळं सांगितलं. उद्या सत्यमकडे जाऊन कबूल करणार, तेही सांगितलं. ती उठली, अत्तराची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, भात करपला तरी तुम्ही चुलीशेजारी बसून राहिलात, तेव्हाच शंका आली. मी कसं आहे विचारलं, त्या दिवसापासून यात खोबरेल आहे. मला वाटलं, आपणहून सांगाल.