लॅपटॉपला हात टेकवला की

२ डिसेंबर
परत करंट. लॅपटॉप चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की मुंग्या, आज तर चांगलाच झटका. मीटिंगमध्ये 'आई गं' ओरडले, सगळे हसले. सुहासचा मुरगावहून फोन: चप्पल घालून बस. बंदरावर बसून नवऱ्याने दिलेला सल्ला! घातली. कमी झालं, गेलं नाही.

३ डिसेंबर
डिचोलीला दुकानात नेला. तिथे चार्जिंगला लावला तर काही नाही. दुकानदार: "बाय, लॅपटॉप बरो आसा. घरचें वायरिंग पळय." घरचं वायरिंग बघायला येताना वायरमनला गाठलं. सोमवारी येतो म्हणाला.

४ डिसेंबर
आता फ्रिजचं हँडलसुद्धा. सकाळी येतं, दुपारी नाही, संध्याकाळी परत. भूत असेल तर वेळ पाळणारं आहे. लिहिताना हसू येतंय, पण फ्रिज उघडायला पदर गुंडाळते.

५ डिसेंबर
सापडलं. मागे कुळागरात, पोफळीच्या बागेत, विहिरीचा पंप घरघरतो तेव्हाच येतं. सासऱ्यांना ओरडून सांगितलं, बाबा, बंद करा. मुंग्या गेल्या. चालू करा. आल्या. म्हणजे मोटारीतला करंट जमिनीत न जाता घरभर फिरतोय. अर्थिंगची तार तुळशीमागे जमिनीत गेलेली होती. जाऊन बघते तर तारच नाही.
"ती मियाच कापलंय," बाबा म्हणाले. "तुळशीचा लगीन, नवी फरशी, आनी थंय ती तार लोंबता. बरी दिसता काय?"
मायनीवर, खाणीच्या वर्कशॉपात जन्म गेला ह्या माणसाचा! आणि हेच रोज पाटाच्या पाण्यात अनवाणी उभे राहून, पंपाच्या लोखंडी पाइपाला धरून पोफळींना पाणी सोडतात.
पंपाचा फ्यूज काढून कपाटात ठेवला. वायरमन येईपर्यंत पंप नाही, स्पष्ट सांगितलं.
"आनी पोफळी? सुकान मरांदेत?"
रात्री जेवले नाहीत.

६ डिसेंबर
सकाळी कामाला बसले. मनगट टेकवलं. मुंग्या.
फ्यूज कपाटात. किल्ली कमरेला. मग कशा येतील
धावले. बाबा घोटाभर पाण्यात, अनवाणी. फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळून घातलेली. स्विच पाडला आणि तिथेच रडले, त्यांच्यासमोर. लाजबीज काही वाटली नाही.
"माका काय जाल्ला मगे?" म्हणत हसले. हसताना उजवा हात चोळत होते.

८ डिसेंबर
वायरमन फोन उचलत नाही. सोमवारी म्हणाला होता, म्हणजे उद्या. सुहासला आज सुट्टी नाही. फोनवर बापाला झापलं त्याने, बापाने फोन माझ्या हातात दिला.
बाबांकडची ती तार काढून घेतली. पण असले तुकडे त्यांच्या डब्यात भरपूर. मेन बंद करून ठेवला की जाऊन चालू करतात. पाठोपाठ गेले तर "माझी राखण करतस काय गो?"
आत्ता चहा पिऊन मागच्या दाराने गेले. पोफळी बघून येतो म्हणाले.
आज मला काम नाही. तरी लॅपटॉप चार्जिंगला लावलाय. डावा हात त्याच्यावर, उजव्याने लिहितेय.
अजून काही नाही.