कचारगडच्या पायथ्याशी

गडचिरोली
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिया बाळा,

जय सेवा. तुला आणि जाहिदला माझा आशीर्वाद.

तुझ्या शाळेतल्या परीक्षा सुरू झाल्या असतील. उन्हं तापायला लागली आहेत, डबा नेतेस का? जाहिदच्या दुकानात पंपाच्या मोटारींचं वायंडिंग भरायचं काम आता वाढेल, उन्हाळी धानाचे पंप जळतातच. त्याला म्हणावं, जेवण वेळेवर कर. गावाकडे मोहाची फुलं पडायला लागली आहेत. अंकुश आणि तुझी पुनमवहिनी पहाटेच टोपल्या घेऊन जातात, त्यांची छकुली मागे जायला रडते.

मी दोन दिवस झाले गडचिरोलीला आले आहे, एका कामानं. आपल्या शेजारची इंदुताई आज इथे आली आहे, उद्या इथूनच ब्रह्मपुरीला लेकीकडे चालली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. आजच्या काळात कोण पत्र लिहितं, म्हणशील. फोन दोनदा हातात घेतला होता. पण तू "माय, काय झालं?" विचारशील आणि मी "काही नाही" म्हणेन. तीच सवय लागली आहे मला.

माघ पुनवेला आम्ही कचारगडला जाऊन आलो. फोनवर तुला सांगितलं नव्हतं. तुला रजा मिळाली नसती, म्हणून विचारलंही नाही.

तुझ्या आबाजींचाच हट्ट होता. म्हणाले, डोळे पुरते जायच्या आत सगळ्या घरानं एकदा डोंगरावर जायचं, गुहेत आपल्या पुरख्यांसमोर, वाडवडिलांसमोर एकत्र हात जोडायचे. अंकुशनं भाड्याची जीप ठरवली. पुनमनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले. आबाजींनी नवीन पिवळा फेटा आणायला लावला. उजाडताना निघालो. तुझे बाबा पुढे ड्रायव्हरजवळ, मधे आबाजी आणि मी, मागे अंकुश, पुनम, छकुली. कोरचीपर्यंत छकुलीनं झाडावरची माकडं मोजली, मग कंटाळली आणि आबाजींना गोष्ट मागायला लागली.

आबाजींनी तिला कचारगडचीच गोष्ट सांगितली, तुला लहानपणी सांगायचे तीच. आपल्या पुरख्यांची लेकरं लई खोडकर, म्हणून त्यांना गुहेत कोंडून तोंडावर मोठा दगड लावला. लेकरं आत उपाशी रडत राहिली. मग आपल्या लिंगोदेवानं येऊन दगड हलवला आणि त्यांना बाहेर काढलं.

छकुलीनं विचारलं, "त्याईची माय कुठी होती?"

आबाजी म्हणाले, "बाहेरच होती. रडून राह्यली होती."

"मंग तिनं दगड काऊन नाई काढला?"

तुझे बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मला तीन वर्षांपूर्वीची आपली धानाची खोली आठवली. बाबांनी बाहेरून कडी लावली होती आणि तू आतून मला हाका मारत होतीस. मी अंगणात होते. छकुलीला पुनमनं एक वडा दिला तेव्हा ती गप्प बसली.

देवरीला चहाला थांबलो. तिथे आबाजींनी मला जवळ बोलावून विचारलं, "प्रिया कोणत्या गाडीनं येऊन राह्यली?"

बाळा, आता लिहावंच लागेल. यात्रेची बोलणी चालली होती तेव्हा आबाजींनी बाबांना सांगितलं होतं, "सगळं घर म्हणजे प्रियापण. तिले बलाव." बाबा म्हणाले, तिनं जात सोडली, गावातल्या पंचांनी तिचं नाव घरातून काढलं, तिला घेऊन यात्रेला गेलो तर उद्या आपल्याकडे मौतीलाही कोणी येणार नाही. आबाजी म्हणाले, मग मी पण येत नाही. दोन दिवस दोघं बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारा माणूस, पुढच्या वर्षी चालेल की नाही, याची यात्रा चुकायला नको. म्हणून मी आबाजींना हळूच सांगितलं की मी तुला फोन केला आहे, तू ब्रह्मपुरीहून परस्पर येणार आहेस, फक्त बाबांजवळ बोलू नका.

मी तुला फोन केलाच नव्हता. रजेचं वर लिहिलं तेही खरं नाही. मी विचार केला होता, तिथे माणसांचा पूर येतो, ढोल वाजतात, आबाजी त्यात विसरून जातील.

ते विसरले नाहीत. डोंगराच्या पायथ्याला, धनेगावला पोचलो तर रस्ताभर जीपा, ट्रॅक्टर, पिवळे झेंडे. लोक डोंगराकडे चालले होते. अंकुश आबाजींना पाठीवर घेऊन चढायला तयार होता. पण आबाजी गाड्या थांबतात तिथे एका मोहाच्या झाडाखाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी पोरगी आल्यावर येतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. ते चढायला लागले, मागून अंकुश आणि पुनम छकुलीला घेऊन गेले. मी आबाजींजवळ थांबले.

तुला माहीत आहे, त्यांना आता माणूस आकारानंच ओळखू येतो. जीप थांबली की ते काठी टेकून उठायचे. बाया उतरायच्या, पोरी उतरायच्या, ते पाहत राहायचे. तुझ्यासारख्या उंच एका पोरीला त्यांनी हात धरून थांबवलं, "प्रिया होय का तू?" ती बिचारी छत्तीसगडची होती, हसून पाया पडली आणि गेली. मी म्हटलं, आबाजी, काही तरी खाऊन घ्या. ते म्हणाले, ती आली की सोबत खाऊ. वडे तसेच राहिले.

वर काय झालं ते मला अंकुशनं नंतर सांगितलं. गुहेजवळ पोचल्यावर बाबा आत गेले नाहीत. दगडावर बसून त्यांनी खिशातून फोन काढला. खाली रेंज नव्हती, तिथे होती. त्यांनी तुझा नंबर लावला. तो त्यांच्याजवळ होता हे मलाही माहीत नव्हतं. फोन लगेच कटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अंकुश म्हणाला, बाबा, तिनं तुमचा नंबर बंद करून ठेवला असेल, माझ्या फोनवरून लावा. बाबांनी त्याचा फोन घेतला नाही.

"राहू दे," म्हणाले. "मीच तसं बोललो होतो तिले."

मी तुला दोष देत नाही, बाळा. लग्नाच्या वेळी ते जे बोलले ते ऐकून कोणत्याही लेकीनं तेच केलं असतं. फक्त तुला हे कुणी सांगितलं नसतं, म्हणून लिहिलं. त्यांचा फोन लागला असता तरी तू संध्याकाळच्या आत पोचली नसतीस. पण आवाज तरी ऐकला असता, एकमेकांचा.

ते खाली आले तेव्हा ऊन कललं होतं. बाबा झाडाखाली आबाजींच्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, बा, चला, मी नेतो वर. आबाजींनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळले.

"तू तिले सांगितलंच नाई ना, बाई?"

मी पदर तोंडाला लावला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मले खरं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तं मी इथी आलोच नसतो. तिच्याच घरी गेलो असतो. ब्रह्मपुरी तं या डोंगरापेक्षा जवळ आहे."

आम्ही राहतो एकाच घरात आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ना बाबांच्या, ना माझ्या. तुझ्याकडे एसटी जाते, जीपा जातात. मी स्वतः अंगणवाडीच्या बैठकीला ब्रह्मपुरीवरून गेले आहे, तुझ्या गल्लीच्या तोंडावरून. उतरले नाही.

डोंगरापर्यंत जाऊन आबाजी डोंगर न चढता परत आले. वाटेत छकुली त्यांच्या मांडीवर झोपली. ते जागेच होते.

घरी आल्यावर त्यांनी तुझं नाव घेणं बंद केलं. आधी रोज विचारायचे, प्रियाचा फोन आला का. मी ठरवलं होतं, मोह पडायला लागण्याआधी त्यांना तुझ्याकडे घेऊन यायचं, मग बाबा काही म्हणोत. बाबांना सांगायची हिंमत गोळा करत होते. आज सांगू, उद्या सांगू.

शुक्रवारी सकाळी ते अंगणात पडले. लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. कुरखेड्याहून इथे गडचिरोलीच्या दवाखान्यात पाठवलं. माझं इथलं काम ते हे. काल तुझा फोन आला तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळच उभी होते आणि तुला म्हणाले की घरी आहे, सगळे मजेत आहेत. मागचा गोंगाट कसला विचारलंस तर यात्रा आहे गावात म्हणाले. माझ्या जिभेला काय झालं आहे, मला कळत नाही.

त्यांची वाचा गेली आहे. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही. आपण बोललेलं त्यांना समजतं. डाव्या हातानं हात दाबतात. काल मी त्यांच्या कानाशी सगळं कबूल केलं, तू येणार आहेस असं पुन्हा मात्र सांगितलं नाही. आता तू खरंच निघाल्याशिवाय सांगणार नाही.

तू ये, बाळा. जाहिदला घेऊन ये.

बाबा पहिल्या दिवसापासून इथेच आहेत. आबाजींजवळ एकच स्टूल आहे, त्यावर बसून असतात, रात्री खाली चादर टाकतात. आज दुपारी मी त्यांना सांगितलं की प्रियाला लिहिते आहे, ती आली तर? ते बराच वेळ आबाजींचे पाय चोळत राहिले. मग म्हणाले, "मी बाहेर बसतो. दोघाईले आत जाऊ दे."

दोघांना म्हणाले. माझ्या ऐकण्यात चूक नाही.

आता तुझ्यापासून काही लपवलेलं उरलं नाही अशी,
तुझी माय
सोमारी