येतो

७ मे
आज चिंचोळी एमआयडीसीत हजर झालो. चादरींचा एक बंद कारखाना लष्कराने गोदामासाठी घेतला आहे. आघाडीवर जाणारी ब्लँकेटं, तंबू, औषधं इथून सुटतात. आमची दहा जणांची तुकडी. खोली हवेशीर आहे, पाणी भरपूर. खोलीत सोबतीला माढ्याचा जालिंदर, बडबड्या. माझ्या बायकोला, प्रतिक्षाला जाऊन तीन महिने झाले. कामात राहिलेलं बरं. आमची मुलगी पिंकी करमाळ्याला माझ्या आईजवळ आहे. २१ तारखेला तिला सहा वर्षं पूर्ण होतील. १९ पासून रजा मंजूर आहे.

९ मे
ऊन ४३. सकाळी चार ट्रक भरले. दुपारी साबण आणायला निघालो. गेटवर खुर्चीत म्हातारा रखवालदार होता, चनबसप्पा, अक्कलकोटकडचा. सवयीने त्याला येतो म्हणालो. तो खूश झाला. म्हणाला, या की, वाट बघतो, असं सांगून जाणारं माणूस लई दिवसांनी भेटलं.
आता रोज बाहेर पडताना त्याला येतो म्हणेन.

१४ मे
जालिंदरला चनबसप्पाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, दादा, तुमाला ऊन लागलंय, हितं रखवालदार न्हाय. बाहेरच्या चहावाल्याला विचारलं. कारखाना बंद पडला त्याच वर्षी चनबसप्पा त्या खुर्चीतच गेला म्हणे.
आम्ही दोघं गेटवर गेलो. जालिंदरला रिकामी खुर्ची दिसली. मला तो दिसला. त्याने मान हलवली.

१९ मे
रजा सुरू. करमाळ्याची एसटी धरली. टेंभुर्णीपर्यंत जागा होतो, मग डोळा लागला. कंडक्टरने हलवून उतरवलं. समोर आमचंच गेट. कंडक्टर म्हणाला, तुमीच हितलं तिकीट काढलं की. तिकिटावर चिंचोळी होतं.
चनबसप्पा हसला. तुमीच येतो म्हणाला होता की, म्हणाला.

२० मे
पुन्हा निघालो, पुन्हा इथेच. जालिंदर म्हणाला, मग त्याला जातो म्हणा की. खुर्चीपुढे वाकून स्वतःच ओरडला, जातो बरं का, मामा! हसत ट्रकवर चढला.
मोहोळच्या अलीकडे ट्रक उलटला. जालिंदर जागीच —
आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. प्रतिक्षाने दवाखान्याच्या दारात काढला होता, जाते म्हणाली. मी रागावलो, येते म्हण. तिने म्हटलं नाही.

२१ मे
पिंकीचा फोन. आजीने शिरा केलाय, पप्पा कधी येणार? येतो म्हणालो.
कोणाशी न बोलता निघालो. तरी गेट. तीनदा.

२१, दुपार
तो खुर्चीतून उठलाय. खुर्ची माझ्याकडे सरकवली — बसा म्हणतो, न्हायतर सांगा, येता का जाता?
पिंकी वाट —
तोंडाने म्हणायचं नाही. लिहून दाखवतो. लिहिलेलं कदाचित धरत नसतील. चनबसप्पा, मी जा