भिजवलेल्या चादरी

आत्याबाई, सोलापुरात भर मे महिन्यात माणसाचे दात वाजतील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवला असता. पण वाजले. माझेच वाजले. वर्ष झालं त्याला, तरी आठवलं की अजून काटा येतो अंगावर, आणि तो काही थंडीचा नसतो. तुम्ही सासू, मी सून. तुम्ही होता तोवर आपण दोन शब्द धड बोललो नाही, सगळी भांडणंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मी चौथी नापास बाई पेन्सिल घेऊन बसलेय. अक्षर बघू नका.

तुमचं ते बेळगाव! दर उन्हाळ्यात माझं डोकं खायचं. फरशी तव्यासारखी तापलेली, माठातलं पाणीसुद्धा कोमट, आणि तुम्ही भिंतीला टेकून पदरानं वारा घेत म्हणणार, "आमच्या बेळगावात आता पहाटेचं पांघरूण लागतंय." तुमचा मुलगा पेपरातली शहरांची गरमी मोठ्यानं वाचायचा. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर. नागपूरच्या खालोखाल आपण, आणि मला मेलीला त्याचीच ऐट. दुसऱ्या कशात आपल्या गावाचा नंबर लागतो? तुम्ही विचारणार, "आणि बेळगाव?" ते म्हणणार, "ते तिकडच्या राज्यात गेलं की, आई. ह्या पेपरात न्हाय येत." तेवढ्यात मी टोमणा मारायची, "एवढं गार हाय तर ऱ्हावा की जाऊन तितंच." "जातो की," तुम्ही म्हणायचात. बाई असून 'जातो', 'येतो' म्हणायची तुमच्याकडची रीत, तिलाही मी हसायची. गेला मात्र नाहीत कधी.

तर गेल्या वर्षी आपली थोरली पहिल्या बाळंतपणाला आली होती. नववा लागायचा होता अजून. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. मागावर बसणाऱ्याचं घर आपलं, दुसरं काही नसलं तरी चादरी आहेत. त्या दिवशीही नेहमीसारखं सकाळी सगळ्या चादरी हौदात बुडवल्या आणि दारं-खिडक्यांवर टांगल्या. जाड चादर पाणी धरून ठेवते, झळ तिच्यातून आत येईतो गार होते. पोरीला त्रास नको म्हणून ट्रंकेतल्या ठेवणीतल्यासुद्धा काढून भिजवल्या. फरशीवर बादली ओतली. लई हुशारी केली मी!

दुपारी आभाळ काळं झालं. म्हटलं, वळीव असेल, घटकाभर पडेल आणि मग वाफ निघेल, ती आणखी जीव घेईल. सुपारीएवढ्या गारा पडल्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसलेली पोर काय बोलतेय कळेना. गारा थांबल्या पण पाऊस थांबेना, वारा थांबेना. आणि तो वारा, आत्याबाई, आपल्या गावचा नव्हताच. अंगणात पाय ठेवला तर पाणी बर्फासारखं. मी नुसती बघत उभी राहिले. मे महिना आहे की काय आहे हे? त्यातच पोरीला कळा सुरू झाल्या. आमचे हे गिरणीत, मागावर. टांगेवाल्याला हाक मारली तर तो लांबूनच ओरडला, "मावशी, लिंबाचं झाड आडवं पडलंय रस्त्यात. घोडं पाय टाकंना!" मागच्या गल्लीतली सुईण डोक्यावर पोतं घेऊन आली, आणि दिवेलागणीला नात झाली.

मांजराच्या पिलाएवढी. रडली नाही, नुसती चिवचिवली. सुईणीनं हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. "गार पडाय लागलंय लेकरू. जाड काय तरी आणा, बिगी बिगी!" मी ट्रंकेकडं धावले. ट्रंक रिकामी. वळून बघितलं तर दारावर, खिडकीवर सगळ्या चादरी टपटप गळत होत्या. चादरीचं घर, आणि घरात एक कोरडी चादर नाही! मी त्या ओढून फेकल्या, दारं लावली, तरी खोली विहिरीसारखी ओल मारत होती. सुईण स्टोव्हवर लुगड्याचा तुकडा शेकायची, गुंडाळायची; गुंडाळेतो तो गार. "आई, ती निळी पडतीया," थोरली म्हणाली. "आई, कर की काय तरी!"

मला काही सुचेना. आणि मग तुम्ही दिसलात. हीच थोरली झाली तेव्हाची संक्रांतीची थंडी. ती अशीच किडमिडी. मी बाजेवर पडलेली, आणि तुम्ही कोपऱ्यात चोळी सोडून तिला उघड्या छातीला लावून, वरून पदर घेऊन बसलेल्या. मी किंचाळले होते, "द्या हिकडं! गुदमरंल ते!" तुम्ही हललासुद्धा नाहीत. म्हणालात, "कापडात कुठली ऊब गे? ऊब माणसात असतंय. मी बसतो, तू झोप."

मी पोलक्याची बटणं सोडली. "अवं, हे काय करताय?" सुईण म्हणाली. मी म्हटलं, "दार धर आणि गप." नातीला छातीशी घेतलं आणि माझा श्वासच अडकला. अंगणातली गार उचलून आत ठेवल्यागत. माझेच दात वाजायला लागले. वाटलं, हिला माझी ऊब लागतेय की मला हिचा गारठा? पदर घेतला, भिंतीला टेकले, अगदी तुम्ही बसायचात तशी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग छातीवर काहीतरी सरकलं. तोंड होतं तिचं, शोधत होतं. आणि जी रडली की! शिव्या दिल्यागत रडली. थोरली रडली, सुईण रडली. मी मात्र तशीच बसून होते, हलायचंच भ्या वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. ह्यांनी पेपर उघडला आणि म्हणाले, "छापताना चुकलंय कायतरी. मुंबईपरीस, पुण्यापरीस आपण गार!" शेजारीण दारातून म्हणाली, "आता महाबळेश्वराला कशाला जायाचं?" सगळे हसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि बेळगाव?" हे माझ्याकडं बघतच राहिले. मीही दचकले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नातीला तपासलं, म्हणाल्या, "आजी, तुम्ही वाचवलंत हिला. कुणी शिकवलं?" तुमचं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "त्यात काय शिकवायचं? कळतंय बाईमाणसाला." विहीणबाई चारचौघांत माझंच कौतुक सांगत सुटल्या. मी सांगू दिलं.

आता परत मे आलाय, परत तव्यासारखी फरशी. नात आलीय, दुडूदुडू चालते, ओल्या चादरींना तोंड लावून पाणी चोखते. हा कागद कुठं पाठवू? बेळगावात तरी तुमचं कोण राहिलंय? कोरड्या चादरीच्या घडीत ठेवून देते. एक चादर यंदा मी भिजवलेली नाही, ट्रंकेवर कोरडी आहे. थोरलीनं काल विचारलं, "आई, ही का न्हाय भिजवली?" म्हटलं, "फाटलीय ती. पाणी धरत न्हाय."

चादर फाटलेली नाही, आत्याबाई.