सतरा सेंटिमीटरचं हाड

कोळसा आणि शेणी दोन्ही जळतील अशी लोखंडी चूल, एक. शेवया कापायचं हातयंत्र, एक (तुमच्या बहिणीची तक्रार अशी, की शेवया इतक्या सारख्या कापल्या जातात की पाहुण्यांना त्या विकतच्या वाटतात). सुऱ्या, नऊ. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूच्या जाळीदार भिंती, चार. वाळुंजाच्या काठ्या वाफेवर वाकवून कच्च्या कातड्याच्या वाद्यांनी बांधलेल्या, एकही खिळा नाही. पाळणे, तीन. तिसरा कुणासाठी ते पुढे येईल.

आदरणीय जुमाकादिर दादा, आधी सलाम आणि मग बाकीचं, ही रीत मला ठाऊक आहे. पण मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, "कारखाना बंद पडून चार वर्षं झाली, तोकोन, घरी बसून करतोस तरी काय?" म्हणून उत्तर आधी दिलं. (चार वर्षं नव्हे, चार वर्षं दोन महिने.) आता सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? बिश्केकची हवा तुम्हाला मानवत नाही हे मी तुम्ही तिकडे गेलात तेव्हाच म्हणालो होतो. इकडे गाय ठणठणीत आहे, तुमची बहीण बुरुलही. (हा क्रम तिला कळवू नये.)

मी काम शोधत नाही असं तुमच्या कानावर कुणी घातलंय ते मला कळलंय, आणि ती कोण तेही, कारण ती आत्ता समोर कणीक मळते आहे. तर सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी रोजगार कार्यालयात जातो. तिथे नुरझात नावाची मुलगी बसते, चांगल्या घरातली, पण तिची खुर्ची डुगडुगायची. पहिल्याच मंगळवारी मी ती ठीक केली. मग दाराची कडी. मग खिडकी. मग शेगडीची नळी, जी कुणा डिप्लोमावाल्याने उलटी बसवली होती आणि धूर इमानाने खोलीत सोडत होती. रिकाम्या जागांच्या फळ्याची फुटलेली काचही मीच बदलली. काचेमागे चार वर्षांत एकही जागा लागली नाही, पण ती नाही हे आता रस्त्यावरूनसुद्धा स्वच्छ दिसतं. एवढं होऊनही माझ्या कागदावर काय लिहिलंय? "कौशल्य: नाही." मी म्हटलं, पोरी, हे खोडून टाक. ती म्हणाली, "काका, डिप्लोमा आणा, लगेच खोडते." मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ती बिचारी म्हणाली, "काका, हे स्कॅन होत नाहीत." आणि हे बोलताना ती मी ठीक केलेल्याच खुर्चीवर बसली होती, अजिबात न डुगडुगता.

मी जे शिकलो ते मोडक्या पंपांकडून शिकलो. तेवीस वर्षं कारखान्यात डिप्लोमावाले येत, पंपाकडे बघत, आणि मग मला हाक मारत. यात बढाई नाही. दुरुस्तीच्या वहीत सही त्यांची आहे आणि पंप कारखाना बंद पडेपर्यंत चालू होते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शेजारच्या किदिरालीने मुलाच्या लग्नाचं जेवण घातलं. मेंढे तीन. मी तीन तासांचा हिशेब करून पाण्याचा मोठा हंडा त्याच्या अंगणात बसवून दिला, त्यामुळे मांस चांगलं शिजलं हेही नोंदवतो. मग पंगत बसली, हाडं वाटायला सुरुवात झाली, ज्याचा जसा मान तसं त्याचं हाड. कारखान्यात होतो तेव्हा याच अंगणात मला कंबरेचं हाड मिळालेलं आहे, दोनदा, साक्षीदार जिवंत आहेत. कारखाना बंद झाल्यावर मांडीचं मिळू लागलं. मांडीलाही मान आहे. या खेपेला माझ्या ताटात आलं पुढच्या पायाचं बारीक हाड. दादा, ते सगळ्यात हलकं, नव्या जावयांना देतात! माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला टॅक्सीवाला समोर बसून मांडीचं हाड सोलत होता. मी उठलो नाही. माझी सुरी काढली, हाड इतकं स्वच्छ केलं की त्यावर एक धागा उरला नाही, आणि खिशातल्या पट्टीने मोजलं. सतरा सेंटिमीटर. शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसला होता, तो माझ्या सुरीकडे बघतच राहिला. ओरोझबेक नाव, सरोवराकाठी पर्यटकांसाठी तंबूंचं मोठं ठाणं चालवतो. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. त्याचं नंतर.

बुरुलने बायकांच्या पंगतीतून माझं ताट पाहिलं होतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, चूल तुम्ही फार सुंदर केलीत. आता तिच्यावर काय ठेवू तेही सांगा." ती रोज पहाटे साठ रोट्या भाजून बाजारात नेते. रोट्यांवर ठसा उठवायचं लाकडी फूल मी कोरलेलं आहे आणि गिऱ्हाईक ते फूल बघून थांबतं, हे मी तिला सांगितलं. त्यावर ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, तिने पाठ फिरवली होती.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या कपाळाचं चुंबन. गुडघ्याला मेंढीची चरबी लावा.

तुमचा मेहुणा, तोकोन

ता. क. तिसरा पाळणा तुमच्या नव्या नातवाचा. जर्दाळूचं लाकूड, सांधे एकोणीस, मीच घेऊन येतो. किंमत विचारलीत तर परत नेईन.

आणखी ता. क. पाळण्याच्या जेवणात हाडं तुम्ही वाटणार. मी काही मागत नाही. बुरुल शेजारच्या पंगतीत असेल आणि तिची नजर चांगली आहे, एवढंच कळवतो.

शेवटचं. हे बुरुलला सांगू नका. पंगतीतला तो माणूस गाईचं दूध विचारायला आला होता असं तिला वाटतं. पण माझं हाड ठरवताना तुम्हाला ठाऊक असावं. ओरोझबेकने माझ्या तंबूच्या चारही भिंती हात लावून पाहिल्या आणि मला नोकरी देऊ केली: नमद्याची उंच टोपी घालून पर्यटकांसमोर बसायचं, कारखान्यातून तयार आलेल्या तंबूच्या वाद्या दिवसभर बांधायच्या, संध्याकाळी सोडायच्या, सकाळी पुन्हा बांधायच्या. तंबू कधी पुरा करायचा नाही, ही अट. मी नाही म्हणालो. दरमहा पंचेचाळीस हजार सोम, टोपी आणि दुपारचं जेवण वेगळं.